फोटोत हललेला

"हा शेवटचा दिसतोय ना, तो कराडचा," श्रीराम आजोबा काचेवर बोट टेकवून म्हणाले.

केयानं वाकून पाहिलं. कॉलेजच्या जुन्या जिमच्या अंधाऱ्या कॉरिडॉरमध्ये १९०८ सालच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा फोटो टांगला होता. मधल्या कॅप्टनच्या मांडीवर बॉल, बॉलवर पांढऱ्या रंगात साल. सगळे छाती काढून स्थिर. कडेचा एक तेवढा फोटो काढताना हलला होता. त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग.

"म्हणजे तुमच्याच गावचा? व्हॉट अ कोइन्सिडन्स."

"थोर माणसांची गावं मोजकीच असतात."

हे कॉलेज नेपरव्हिलच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर. दुसरं कॅलिफोर्नियात सांता क्लाराला, विमानाच्या वाटेवर. दोन्हींपैकी एकाला केयानं उद्यापर्यंत हो कळवायचं होतं. सूनबाई उत्तरा, केयाची आई, आत ऑफिसात गेली होती, पण जाताना तिनं बजावलं होतं, "बाबा, तुम्ही तिला कॅलिफोर्नियाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. तिचं तिला ठरवू दे."

फुटबॉलबद्दल ती काही म्हणाली नव्हती.

"पहिल्याच मॅचला याच्या हातात बॉल आला," आजोबा म्हणाले. "तो घेऊन कुठं थांबायचं, हे कुणी सांगितलेलंच नाही. गडी पडला हुतूतूचा. दम धरून हुतूतू करत सुटला. समोरच्यांना वाटलं, मंत्र म्हणतोय. बाजूला झाले. याचा दम सुटेना, म्हणून हा थांबेना. शेवटी रेफ्री घोडागाडी करून शेजारच्या गावात गेला, तेव्हा याला कळलं की शेवटची रेघ ओलांडून टचडाउन मघाशीच झालं."

"आजोबा, सीरियसली?"

"सीझनभर हेच. पुढं बर्फ पडला. याच्या पायाखालचा वितळायचा. समोरची टीम याच्यामागं धावायची ती पकडायला नाही, शेकायला."

केया खो खो हसली. मग हसता हसता थांबली.

"आजोबा, मी काल सांता क्लाराला यस केलं. आईला अजून सांगितलं नाहीये. तुम्ही इथं यायला इतके एक्सायटेड होतात, म्हणून आज आले."

श्रीरामांनी खिशातून रुमाल काढला आणि काच पुसली. काच स्वच्छच होती.

"चारच वर्षं," ती म्हणाली.

"हो. हाही आईला सांगून आला होता, एकच सीझन."

"मग? परत गेला?"

श्रीरामांची गोष्ट आजवर कधी कुठं अडली नव्हती. त्यांनी रुमालाची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

"तेवढं राहून गेलं."

केया त्या धुरकट डागाकडे बघत राहिली. "आणि फोटोत हलला का?"

"आईनं हाक मारली."

"कराडहून?"

"लांबच्या हाकेला पोचायला वेळ लागतो. नेमकी फोटोच्या वेळी आली."

केयानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला, दुसऱ्या हातानं फोन वर धरला. "इथं लाइट नाहीये, जरा वेळ लागेल. हलू नका हं."

दोघं छाती काढून उभे राहिले.

फोटोत केया स्वच्छ आली होती. तिच्या शेजारी नुसती पुसट मान, कुठंतरी मागं वळलेली.

"हललात ना." तिनंही वळून पाहिलं. कॉरिडॉर रिकामा होता. "थांबा, दुसरा काढते."

"नको. हाच ने तिकडं."

"रूममेटनं विचारलं, हे कोण, तर?"

श्रीराम पुन्हा टीमकडे वळले होते.

"सांग, कराडचा आहे. एका सीझनसाठी आला होता."