उत्तर येणे बाकी

"उघडा तरी," वकिलांचे घर सांभाळणारी केझाया म्हणाली.

एल्नाथन थॅक्स्टर वकिलांनी हात पुढे केला नाही. पत्र टेबलावर पालथे पडले होते आणि त्यावर काळ्या लाखेची मोहोर होती. लाख तांबडी असती, तर एव्हाना त्यांनी ते दोनदा वाचून त्यातले निम्मे मुद्दे खोडूनही काढले असते. पण काळी लाख घरात कुणी गेल्यावरच वापरतात. न्यूबरीपोर्टच्या पोस्टमास्तरांनीही डोक्यावरची हॅट काढली, मोहोर वर येईल असे पत्र ठेवले, "लँकेस्टरहून आहे," एवढे म्हटले आणि ते पाय न वाजवता निघून गेले.

लँकेस्टरमध्ये थॅक्स्टर एकाच माणसाला ओळखत होते : सिनेटर मॅथायस क्रायडर.

"मॅथायस गेला," ते म्हणाले. "माझ्या पत्राचे उत्तर न देता गेला."

"धन्य आहे तुमची! माणूस गेला, तरी तुमचे येणे काही सुटत नाही."

थॅक्स्टर खिडकीबाहेर पाहत राहिले. राजधानीतल्या चार-पाच मुत्सद्द्यांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पण ते सारे सल्ला मागत. भांडण मागणारा एकटा क्रायडर. तेव्हा प्रजासत्ताक नवे होते आणि सगळेच ठरायचे होते. न्यायाधीश तहहयात असावा की नसावा, राष्ट्राध्यक्षाला कोणत्या उपाधीने संबोधावे, कर कुणी कुणावर बसवावा. क्रायडर मतदानापूर्वी एखादे कलम पाठवी. थॅक्स्टर रोमच्या इतिहासातले दाखले काढून त्यावर क्रमवार हरकती लिहीत. त्यांतल्या निम्म्या क्रायडर सभागृहात मांडी, निम्म्यांनी पाइप पेटवी, आणि कोणत्या हरकतीचे काय झाले ते पुढच्या पत्रात इमानेइतबारे कळवी. टपालस्वाराचे शिंग ऐकू आले, की थॅक्स्टर समोरच्या अशिलाला अर्ध्या वाक्यात सोडून दाराशी जात. वीस वर्षे हे असे चालले.

मग सरकारने बंदरे बंद केली. एकही जहाज परदेशी जायचे नाही, असा कायदा झाला आणि क्रायडरने त्याच्या बाजूने मत दिले. याच खिडकीखाली शिडे उतरवलेली जहाजे कुजत पडली. खलाशांच्या बायका पिठासाठी दारोदार फिरू लागल्या. थॅक्स्टरनी तीस पानांचे पत्र लिहिले. त्याला उत्तर आले नाही. दोघांमध्ये पहिल्या दिवसापासून एक शिरस्ता होता : पत्राला उत्तर, आणि उत्तर येईपर्यंत दुसरे पत्र नाही. तो शिरस्ता थॅक्स्टरनी बारा वर्षे पाळला.

"किती वेळा म्हटले तुम्हाला, दोन ओळी लिहून टाका. काय म्हणायचात?"

"उत्तर त्याच्याकडून येणे आहे."

"मग घ्या आता वसूल करून."

 वकील हलक्या आवाजात म्हणाले, "त्या तीस पानांना उत्तर नकोच होते गं मला. यंदा लँकेस्टरला बर्फ फार पडले, एवढे जरी त्याने लिहिले असते, तरी चालले असते. त्याच्यानंतर मी कुणाशी मनापासून भांडलोच नाही."

"अख्ख्या गावाशी भांडता की!"

"ती वकिली झाली, केझाया."

तिने चाकू त्यांच्या हातात दिला. त्यांनी पत्र उचलले, लाखेखाली पाते सरकवण्याआधी सवयीने उलटून पाहिले, आणि ते थांबले. पत्ता तिरप्या, जाड, शाई सांडणाऱ्या, ओळखीच्या अक्षरात होता. कोपऱ्यात, सिनेटरांना टपाल माफ असते म्हणून करायची ती सही होती. त्याच हाताची.

"जिवंत आहे," थॅक्स्टर म्हणाले.

पत्र लहान होते. त्यांनी ते मोठ्याने वाचले.

'माझी बार्बरा गेल्या महिन्यात वारली. थॅक्स्टरना का लिहीत नाही, असे ती मला नेहमी विचारी. मी सांगे, उत्तर त्यांच्याकडून येणे आहे. तिचा त्यावर कधी विश्वास बसला नाही. आता या घरात तो प्रश्न विचारणारे कुणी उरले नाही, म्हणून लिहितो. मात्र नोंद असावी, की उत्तर तुमच्याकडूनच येणे होते.'

थॅक्स्टरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझ्याकडून? माझ्याकडून येणे होते? तारीखवार प्रत आहे माझ्यापाशी!"

ते उठले. भिंतीशी त्यांचे कपाट होते आणि आयुष्यात पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत त्यात होती. त्यांनी किल्ली कुलपात घातली.

"वकीलसाहेब," केझाया म्हणाली, "बायको गेली आहे त्यांची."

किल्लीवरचा हात तसाच राहिला. खाली धक्क्यावर कुठल्याशा जहाजात माल चढत होता. हमालांच्या हाका वरपर्यंत येत होत्या. थॅक्स्टर त्या ऐकत उभे राहिले. मग ते परत येऊन बसले, दौत जवळ ओढली, एकच ओळ लिहिली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

'मॅथायस, तुझे बरोबर आहे. उत्तर माझ्याकडूनच येणे होते.'

ती तीस पाने बारा वर्षांपूर्वी केझायानेच स्वतःच्या हाताने लाख लावून टपालात दिली होती. तिने ओळ वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग तिने शाई सुकवायच्या वाळूची डबी उघडली आणि ओल्या शाईवर चिमूटभर वाळू शिंपडली.