निःसंकोच

हिरवळीचा शेवटचा तुकडा उलटला आणि हैबतराव कुदळीवर भार देऊन उभे राहिले. पुण्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन ते रिहे गावी राहायला आले, तेव्हा पुस्तकात पाहून त्यांनी घरापुढे ही हिरवळ लावली होती. उन्हाळ्यात ती अंगणातल्या विहिरीचं रोज तीस बादल्या पाणी पिई. आणि वरच्या ठाकरवाडीतल्या बायका घराच्या फाटकावरूनच पुढे जात, आटलेल्या नदीत खड्डा उकरून पाणी भरायला.

भिमाबाईनं डोक्यावरची पाटी उतरवली. वाडीवरून तिनं कोरफड, घायपात आणि शेराच्या फांद्या आणल्या होत्या.

"यांना पाणी किती लागेल?"

"कोरफड दाराला उलटी टांगली तरी जगतीया, तात्या. तुमी लई लाड केलं तर मातूर सडंल."

दुपारपर्यंत सगळं लावून झालं. हैबतराव आठ दिवस एक वाक्य मनात घोळवत होते. दोन उन्हाळे या बायकांनी गवताला पाणी पिताना पाहिलं होतं. आता बोलावलं तर येतील? "आत्ता आठवलो व्हय?" असं भिमाबाईनं विचारलं, तर?

ती निघाली, तेव्हा ते खाकरले.

"भिमाबाई, यापुढे वाडीतल्या सर्वांनी आमच्या विहिरीचं पाणी निःसंकोच न्यावं."

भिमाबाई विचारात पडली.

"त्यो न्हाई आमच्याकडं. हंड्यानं न्हेलं तर चालंल का?"

हैबतराव हसले. फार दिवसांनी हसले. "चालेल. हंड्यानंच न्या."

तिनं वाडीकडे तोंड करून हाळी दिली, "पारूऽ, लिलाबाईऽ, हंडे घिऊन या गं! तात्या बोललं!" मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "आमी म्हनायचोच, तात्या वंगाळ न्हाई, लाजरं हाय. कवातरी बोलंल."

बायका आल्या. रहाट करकरू लागला. हैबतराव घराच्या ओट्यावर उभे होते; पहिला भरलेला हंडा भिमाबाईनं त्या ओट्याच्या कडेला ठेवला आणि ती चार पावलं मागं सरली.

"पयला घरधन्याचा."

काहीतरी बोलायला हवं होतं. दोन-तीन चांगले शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेही, पण त्यांचा शब्दांवर भरवसा उरला नव्हता. ते पायऱ्या उतरून खाली आले, तिच्यासमोर वाकले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.

भिमाबाईनं एकवार बाकीच्या बायकांकडे पाहिलं. मग पदर खोचला, पुढे होऊन हंडा उचलला आणि हळूहळू कलता केला.