डोकं चालवायचं नाही

उमाने एकच पान आधी सयाजीला दिलं, मग लालासाहेबांना. पंचिंग मशीन एकच होतं आणि त्यावर माणूसही एकच ठेवायचा होता. तो निवडायचं काम साखर कारखान्याने तिच्यावर सोपवलं होतं.

पानावर तिच्या प्रोग्रॅमच्या पंचवीस ओळी होत्या. मशीनवर भोकं पाडून एका ओळीचं एक कार्ड करायचं. कोणाचा ऊस कधी तोडायचा हे यंदा वशिल्याने नाही, तर लागणीच्या तारखेने ठरणार होतं, आणि ते ठरवणारा कॉम्प्युटर होता पुण्यात. महिन्यातून एका शनिवारी कारखान्याला त्यावर पाळी मिळायची. मागच्या पाळीला या दोघांनी आळीपाळीने मारलेल्या कार्डांचा सगळा गठ्ठा एका चुकीपायी जसा गेला तसा परत आला होता. या खेपेलाही आला, तर तोडणीची यादी पुन्हा पूर्वीसारखीच होईल, असं चेअरमननी तोंडावर सांगितलं होतं. म्हणताना ते हसलेही होते.

म्हणून उमाने पानात मुद्दाम एक खोडी करून ठेवली. एकच. चौदाव्या ओळीत कंस उघडला आणि बंद केला नाही. बाकी पान तिने स्वतः दोनदा तपासलेलं होतं. उमा हुशार होती आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

सयाजी टायपिंगच्या परीक्षेत सांगलीत पहिला आलेला. त्याने पाच मिनिटांत कार्डं टेबलावर ठेवली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. कंस उघडाच. त्याला सांगितलं होतं तेच त्याने केलं होतं, नावं ठेवायला जागा नव्हती.

लालासाहेब फलटणकडचे, मिल्ट्रीच्या सिग्नलमध्ये अठरा वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले. त्यांना बारा मिनिटं लागली. हेडक्लार्क भाऊसो मध्येच उमाजवळ येऊन कुजबुजले, "बाई, हवालदारांना गेटवर घालू की. मिशा लय झ्याक हायत."

उमाने लालासाहेबांचा गठ्ठा उचलला. प्रत्येक कार्डाचा एक कोपरा कापलेला असतो. सगळी सरळ लावली की ते कोपरे एका रेषेत येतात. या गठ्ठ्यातून एक कोपरा बाहेर आला होता. तिने कार्डं मोजली. चौदावं.

"हे उलटं का?"

"लिवल्यापरमानंच मारलंय, बाई. तुमचा हुकूम हुता, डोकं चालवायचं न्हाई. पर मनाला पटंना, म्हणून उलटं ठिवलं."

"तुम्हाला प्रोग्रॅम समजतो?"

"छ्या! मिल्ट्रीत तरी कुठं काय समजत हुतं? निरोपात पाच-पाच अक्षरांचे गट यायचे. त्यातलं सायबाला ठावं. पर गटात चारच अक्षरं आली की आमी मागं इचारायचो, पाचवं कुठं गेलं म्हणून. तुमी कंस उघडला की मिटवतासाच. ह्यो मिटला न्हाई."

उमाला तो हुकूम आठवला. मागच्याच महिन्यात दिला होता, तोही चढ्या आवाजात.

"मागच्या वेळची माझी चूक दिसली होती तुम्हाला?"

"व्हय."

तिला शरम वाटली. पुण्याहून गठ्ठा परत आला त्या दिवशी तिने मशीनला दोष दिला होता, मग लाईटला, मग पुण्यातल्या लोकांना.

"आवं, पर सयाजीनं पाच मिंटात उडवलं की," भाऊसो म्हणाले.

"पाच मिनिटांत जातं आणि महिन्याने परत येतं," उमा म्हणाली. "लालासाहेबच राहतील. आणि लालासाहेब, यापुढे डोकं चालवायचं. माझं डोकं खाल्लंत तरी चालेल."

लालासाहेबांनी हात पुढे करून गठ्ठा परत मागितला.

"खरं सांगू का, बाई? आदी एकच उलटं ठिवून बगितलं, तुमी रागावतासा का म्हणून."

"नाही रागावले."

"मग बरं झालं," असं म्हणून त्यांनी अंगठा ओला केला, कार्डं सावकाश चाळली आणि आणखी दोन उलटी केली.