न बसणारं दार

दुष्काळानंतर ह्यांनी जालन्याहून जुनी जीप आणली. तिचं मागचं दार चौकटीत नीट बसायचंच नाही. वर बराबर, खाली फट. मिस्त्रीनं बिजागऱ्या बदलल्या, पत्रा ठोकला, फट तेवढीच.

“तुझ्या माहेरच्यांच्या तोंडासारखं हाय, मिटतच न्हाई,” हे हसले.

आज भरदुपारी अंबडला निघालो. आमची एकुलती एक लेक सत्यशीला मागं एकटीच बसली. हे पुढं जीप चालू करायला हँडल मारत होते. मी दाराला खांदा लावला.

“आई, जोरात नको ना,” ती आतून कळवळली. “तिला लागून राह्यलंय.”

“कुणाला गं?”

आत कुजबुज झाली. मग सत्यशीला म्हणाली, “लोट आता. तिनं बोटं आत घेतली.”

मी घाबरून दार उघडायला ओढलं. ते माझ्या हातातून सुटलं आणि आपलं आपण बसलं, बिलकुल बराबर.