चुकलेला आकडा

अम्मानच्या ऐन थंडीत नायफनं वरच्या मजल्यावरच्या उम्म रकानच्या वायरलेस तापमापकाचे रेडिओ-संकेत पकडून उलगडले. तिच्या खोलीचं तापमान निघालं नऊ अंश.

"नऊ अंशात कुणी राहतं होय? माझंच गणित चुकलंय," म्हणत तो पडताळायला वर गेला.

"ये रे बाळा, बैस!" म्हातारीनं लगबगीनं खोली तापवायची गॅसची शेगडी पेटवली, चहा ठेवला. दुसरा कप संपेस्तोवर भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा एकोणीस.

"खाला, तुझ्याकडं मस्त ऊब आहे. माझ्याच यंत्राला उगाच हुडहुडी भरलीय!" हसत तो खाली आला, चूक सुधारायला बसला. त्याच्या संगणकाच्या पडद्यावरही एकोणीसच होते.

मग अठरा, पंधरा, बारा... पाहुणा उतरताच वरची शेगडी विझली होती, आणि नऊ आले तरी शरमेनं झुकलेली नायफची मान वर झाली नाही.