नावाच्या आधीपर्यंत

“काका, केबल लावलीय, पण कॉम्प्युटर म्हणतो कोणी आलंच नाही,” प्रांजल म्हणाली.

चारकोपमधलं तिचं दुकान म्हणजे झेरॉक्स, रिचार्ज, लॅमिनेशन, सगळं एकाच टेबलावर. समोरच्या स्टुलावर मधुकर निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा बसला होता. त्याचं वय सदुसष्ट, फोनचं चौदा. दोघांच्याही कळा झिजलेल्या.

“मग वाट लागली म्हणायची?”

“थांबा हो, कार्ड काढून बघते.” तिनं फोनचं मागचं झाकण उघडलं, बॅटरी काढली आणि नखाएवढं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला जोडलं. “हां, आलं! पण नवीन घ्या ना काका एखादा. किती हा डोक्याला ताप!”

“नव्यातलं मला काही कळायचं नाही गं.”

मधुकरनं पिशवीतून सीडी काढली. डब्यावरचं लेबल अर्धं उडालं होतं, ‘रेवती’ तेवढं वाचता येत होतं. लग्नाची जुनी कॅसेट मागे कधीतरी सीडीवर घेतलेली. आता तीही जागोजागी अडकत होती.

“हिची एक कॉपी काढ, आणि रिंगटोन. सीडी आजच परत करायचीय.”

“परत?”

“म्हणजे, जागच्या जागी ठेवायचीय.”

रेवती जाऊन सात महिने झाले होते. डोळे मिटले की चेहरा अजून समोर येई, पण आवाज निसटायला लागला होता. गेल्या आठवड्यात एका सकाळी त्यानं तो आठवून पाहिला, तर काही केल्या आठवेना. त्या दिवशी त्याला घास गेला नाही. माणूस गेलं ते गेलं, पण आवाजही जायचा म्हणजे अतीच झालं. म्हणून हा सगळा खटाटोप.

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. एक्केचाळीस मिनिटं, बारा सेकंद. प्रांजलनं बरोबर तिथूनच सुरू केलं. पडद्यावर नवरानवरी दिसली, दोघांच्या तोंडावर मुंडावळ्या, चित्र धुरकट.

“अय्या, काय गोड दिसतायत काकू! आणि तुमचे केस किती दाट होते हो!”

“तेव्हा सगळ्यांचेच होते.”

बायका ओरडत होत्या, नाव घे, नाव घे. रेवतीनं मान खाली घातली. बांगड्या वाजल्या.

“दारी लावली अबोली, पाणी घालते वाकून...”

ती थांबली. हसली.

“बास! इथंच!” मधुकर जवळजवळ ओरडलाच. प्रांजलनं दचकून कळ दाबली.

“अहो, नाव पुढे आहे ना! उखाण्याची सगळी मजा नावात.”

“नको. नावाच्या आधीपर्यंत घे. ते हसू मात्र यायला हवं.”

“लाजताय काय काका!”

“चारचौघांत वाजणार. बरं नाही दिसत.”

“काकूंना सुचलंय मस्त पण.”

“तिला कसलं सुचतंय! रडकुंडीला आली होती. मीच जुळवून दिला.”

“काय सांगता! स्वतःच्याच नावाचा उखाणा?”

“नावाची जागा मोकळी सोडली होती. तेवढं लिहायला हात धजला नाही.”

प्रांजल खो-खो हसली. “झकास आहात तुम्ही!” हसत हसतच तिनं तुकडा कापला, फोनला चालेल अशा फाईलमध्ये बदलला आणि कार्डावर टाकला. कार्ड आत, बॅटरी आत, झाकण बंद. “फोन येतात ना पण तुम्हाला?”

“एक येतो. मित्राचा, जयवंतचा. पलीकडच्या सोसायटीत असतो. रोज पावणेसहाला, चहाला ये म्हणून.”

“म्हणजे आता रोज काकूच बोलावणार चहाला!”

मधुकरनं सीडी आणि तिची कॉपी पिशवीत टाकली.

त्याचा नंबर विचारून प्रांजलनं आपल्या फोनवरून लावला. एवढ्याशा दुकानात रेवती बोलली, हसली, पुन्हा बोलली. तीनदा झालं, चारदा झालं.

“उचला ना!”

“वाजू दे गं जरा.”

त्यानं चष्मा काढून कीबोर्डशेजारी ठेवला आणि रुमालात तोंड खुपसलं. सात महिन्यांत तो पहिल्यांदा रडत होता. प्रांजल उगाचच झेरॉक्सचे कागद नीट करत राहिली. निघताना त्यानं विचारलं, “आणि गप्प करायचा असला तर?”

“ही हॅशची कळ दाबून धरायची.”

जयवंतच्या दाराशी पोचल्यावर त्यानं फोन काढला. चष्मा सारखा करायला हात वर गेला, तर चष्माच नाही. आता आली का पंचाईत! कळा सगळ्या एकसारख्या दिसत होत्या. अंदाजानं एक दाबून धरली, देवाला हात जोडले आणि बेल वाजवली.

“किती उशीर रे! चहाचा काढा झाला,” जयवंत म्हणाला. “आता फोनच करणार होतो.”

दोघं समोरासमोर बसले. मधुकरनं सीडी टीपॉयवर ठेवली.

“निघाली का कॉपी?”

“निघाली. दुकानातली पोरगी हुशार आहे.”

जयवंतनं बशीत चहा ओतला, आणि मधुकरचा खिसा वाजला. प्रांजलच असणार, चष्म्यासाठी.

“दारी लावली अबोली, पाणी घालते वाकून...”

मधुकरनं घाईघाईनं फोन काढला. बंद करायची कळ काही सापडेना. आवाज थांबला, हसला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. जयवंतनं बशी खाली ठेवली. तो मधुकरकडे बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटले, ते हसू संपेपर्यंत थांबला आणि हलकेच म्हणाला, “जयवंतरावांचं नाव घेते, सर्वांचा मान राखून.”