शेवटचे तीन शब्द

मामेभावाने ऑनलाइन मासिक काढलं, शतशब्दकथांचं. पहिल्याच अंकात तिची खरी गोष्ट होती, घर सोडून गेलेल्या ताईच्या टूथब्रशची. आई तो अजून कुणाला फेकू देत नव्हती. अंक आला, तिने शेवटची ओळ वाचली आणि तणतणत त्याच्या खोलीत शिरली. “‘ताई परत आली’ हे कुणी घुसडलं?” “सत्त्याण्णवच शब्द भरले गं, शंभर म्हणजे शंभर,” तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला. “शिवाय शेवट गोड झाला.” “दादा, काढ ते. आत्ताच्या आत्ता.” “तीन शब्दांनी काय आभाळ कोसळलं?” तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईने गोष्ट वाचली होती. “ताई आली तुझी? मला कुणी कसं सांगितलं नाही? आधी तिला फोन दे.” तिने फोन त्याच्या कानाला लावला. “तूच सांग तुझ्या आत्याला. शंभर भरत नव्हते म्हणून आणली म्हणावं.”